आजारातून उठलेल्या माणसाला पुन्हा कामाला लावताना



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते, पाणी, खोडवा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे, पण तोही शिवारातलाच आहे. उसाची निगा कशी राखावी हे आपण बरेच शिकलो. ऊस पिकवणाऱ्या माणसाची निगा, विशेषतः तो मोठ्या आजारातून उठलेला असताना, कशी राखावी हे मात्र आपणांस कोणी शिकवले नाही. आम्हांलाही नाही. म्हणूनच एक चूक आमच्या हातून घडली. तीच आधी सांगतो.

२०२१ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. आमच्या गटातील एक जुने सभासद, वय अठ्ठावन्न, दहा-बारा वर्षांचा मधुमेह. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. एप्रिलअखेर त्यांना कोरोना झाला. अकरा दिवस ऑक्सिजनवर काढून मेच्या तिसऱ्या आठवड्यात ते घरी आले. त्यांचा सुरू लागणीचा को ८६०३२ चांगला जोमात होता, पण मोठी बांधणी खोळंबली होती. शिवारफेरीत बांधावर गाठ पडली तेव्हा आम्ही म्हणालो, "तात्या, बांधणी आता लांबवू नका. मृग लागलाय. पावसानं धरलं तर वाफसा मिळायचा नाही आणि टनेज जाईल."

शेतकीच्या दृष्टीने सल्ला चोख होता. तात्यांनी तो मनावर घेतला. मजूर मिळेनात, थोरला मुलगा नोकरीला परगावी. दुसऱ्या दिवशी खताची पाटी कमरेवर घेऊन ते स्वतःच सरीत उतरले. दुपारी बाराच्या सुमारास ते सरीतच खाली बसले. ओठ निळसर पडलेले, तोंडातून शब्द फुटेना. पुन्हा नऊ दिवस दवाखाना झाला. ऊस पुढे उत्तम आला, पण त्या टनेजाची किंमत काय पडली असती हे आठवले म्हणजे आजही आमच्या जिवाचे पाणी होते. आम्ही पीक पाहिले, माणूस पाहिला नाही. बांधणी लांबवू नका म्हणालो, पण बांधणी कोण करणार हे विचारले नाही.

साथ गेली, प्रश्न राहिला

थोडे मागे वळून पाहू. ९ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले कोरोना रुग्ण पुण्यात आढळले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. त्या वेळी राज्यातील कारखान्यांच्या आवारात एक लाखाहून अधिक ऊसतोड मजूर अडकून पडले होते. एप्रिलच्या मध्यावर शासनाने परवानगी दिल्यावर ते आपापल्या गावी परतले. कारखान्यांनी आसवनीच्या अल्कोहोलपासून सॅनिटायझर तयार केले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तर तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील एका कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पात फेरबदल करून ऑक्सिजन काढून दाखवला. सहकाराने आणि साखर धंद्याने त्या काळात मान खाली घालावी असे काही केले नाही.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आणीबाणी संपली तरी विषाणू गेलेला नाही. तो आता इतर तापांसारखा येत-जात राहतो. शिवाय साथी काही एकदाच येत नाहीत. १९१८ सालच्या मानमोडीच्या गोष्टी आपल्या आज्या-पणज्यांनी सांगितल्या आहेत. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूने घबराट उडवली ते तर आपण स्वतः पाहिले. तेव्हा आज लिहितो ते केवळ गेलेल्या साथीपुरते समजू नये. न्यूमोनिया, डेंग्यू, क्षयरोग, हृदयविकाराचा झटका किंवा मोठे ऑपरेशन यांतून उठलेल्या माणसालाही यातले बरेचसे लागू पडते.

साथीच्या काळात जोखमीच्या माणसांना आपण घरात थांबवले, ते योग्यच होते. पण त्यांना पुन्हा कामावर कसे आणायचे याचा विचार फार थोड्या ठिकाणी झाला. इंग्लंडमध्ये सरकारने अशा लाखो लोकांना पत्रे पाठवून घरात राहायला सांगितले होते. १ ऑगस्ट २०२० पासून त्यांना कामावर जाण्याची मुभा दिली, पण कामाची जागा सुरक्षित केलेली असली पाहिजे अशी अट घातली. यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. माणूस कामाला तयार आहे की नाही एवढे पाहून भागत नाही. काम त्या माणसासाठी तयार केले आहे की नाही, हेही पाहावे लागते.

आपल्याकडे दोन टोके दिसतात. एक तर माणूस घरी आला की आठ दिवसांत औताला जुंपायचा. नाहीतर "तुम्ही आता काही करू नका" म्हणून ओसरीवर बसवून ठेवायचा. पहिल्याने जीव धोक्यात येतो. दुसऱ्याने माणूस मनाने खचतो, हातापायातली शक्ती जाते आणि घरची मिळकतही बुडते. खरा मार्ग मधला आहे. काम बंद करायचे नाही, ते माणसाच्या मापाचे करायचे.

जोखमीची माणसे कोणती?

साठीच्या पुढची माणसे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असलेली. मूत्रपिंडाचा विकार असलेली, विशेषतः डायलिसिसवर असणारी. दमा किंवा फुफ्फुसाचा जुनाट विकार असलेली, तसेच क्षयरोग बरा होऊनही फुफ्फुस कमजोर राहिलेली. कर्करोगावर उपचार चालू असलेली. अवयव बदललेली किंवा सांधेदुखीसारख्या आजारासाठी प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारी. फार स्थूल माणसे. गरोदर स्त्रिया.

ही यादी वाचली की आपल्या लक्षात येईल, दर दोन-तीन घरांमागे एक तरी असे माणूस आहे. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम झाली, तेव्हा घरोघर जाऊन अशा व्याधींची चौकशी झाली होती. पुष्कळांना आपल्याला रक्तदाब आहे हे तेव्हा प्रथम कळले. १ मार्च २०२१ पासून सर्वसाधारण लोकांना लस सुरू झाली, तीही आधी साठीच्या वरच्यांना आणि ४५ ते ५९ वयाच्या व्याधी असलेल्यांनाच, ती याच कारणाने.

अशा माणसाला एरवी बघावे तर काही झालेले दिसत नाही. तो चालतो, बोलतो, जेवतो. पण त्याच्या शरीरात शिल्लक कमी असते. धडधाकट माणसाचे फुफ्फुस आणि हृदय गरज पडली की दुप्पट-तिप्पट काम ओढते. याच्याजवळ ती राखीव ताकद नाही. विहिरीला पाणी दिसते, पण मोटर तासभर चालवली की तळ लागतो, तसा प्रकार.

खोडव्याचा दाखला

आपण शेतकरी आहोत, म्हणून शेतातलाच दाखला देतो. लागणीचा ऊस तुटला म्हणजे खोडकी जमिनीत जिवंत असते. पण कोणी शहाणा शेतकरी तुटल्या दिवशी तिच्याकडून लागणीएवढ्या उताऱ्याची अपेक्षा धरीत नाही. बुडखे जमिनीलगत छाटतो, पाचट सरीत दाबतो, पहिले पाणी-खत वेळेवर देतो, नांगे भरतो. जो ही निगा घेतो त्याचा खोडवा लागणीला टक्कर देतो. जो घेत नाही त्याचा विरळ होतो आणि मग तो म्हणतो, "खोडवा परवडत नाही." दोष खोडव्याचा नसतो, निगेचा असतो. माणसाचेही तसेच आहे.

कामाला तीन प्रश्न विचारा

तात्यांच्या प्रकरणानंतर आम्ही डॉक्टरमंडळींना विचारले, वाचले आणि एक साधी रीत बसवली. आजारातून उठलेल्या माणसाला कोणतेही काम सांगण्यापूर्वी त्या कामाला तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न श्रमाचा. हे काम करताना माणसाला सरळ बोलता येईल का? काम करता करता पूर्ण वाक्य बोलता आले तर श्रम बेताचा. दोन शब्दांमागे दम घ्यावा लागला तर काम त्याच्या मापाबाहेरचे.

दुसरा प्रश्न धूळ-धुराचा. या कामात नाकातोंडात काय जाणार? जळत्या पाचटाचा धूर, फवारणीचे औषध, बगॅसची धूळ, बॉयलरची राख, गंधकाचा वास. दमेकऱ्याला आणि कमजोर फुफ्फुसाच्या माणसाला यांतले काहीच चालत नाही.

तिसरा प्रश्न गर्दीचा. या कामात किती माणसांच्या श्वासात बसावे लागणार? बंद खोली, भरलेली जीप, ट्रॅक्टरची केबिन, लग्नाचा मांडव. साथीचे आजार हवेतून पसरतात हे आता सर्वांना माहीत झाले आहे.

हे तीनही प्रश्न विचारणे का गरजेचे, त्याचेही एक उदाहरण देतो. दम्याचा जुना त्रास असलेला एक चिटबॉय कोरोनातून उठला. शिवारात फिरणे झेपणार नाही म्हणून त्याला वजनकाट्याच्या खोलीत बसवले. आम्हांला वाटले, हलके काम दिले. पण त्या लहानशा खोलीच्या खिडकीशी दिवसभर ड्रायव्हर मंडळींची झुंबड, बाहेर वाहनांचा धूर, आत पंखा सोडून हवा नाही. पंधरा दिवसांत त्याचा दमा उसळला. श्रमाचा प्रश्न विचारला होता, उरलेले दोन विचारलेच नव्हते. पुढे त्याला सकाळच्या वेळी बेणे मळ्याच्या नोंदीचे काम दिले. उघड्यावर, सावलीत, एकट्याचे. ते त्याला मानवले आणि नोंदीही कधी नव्हे इतक्या नीट झाल्या.

पाच पायऱ्या

आजारातून उठल्यावर श्रम पायरीपायरीने वाढवावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत सांगितले आहे. प्रत्येक पायरीवर किमान सात दिवस थांबायचे. दम लागला, थकवा वाढला तर एक पायरी खाली उतरायचे. आपल्या शेतकामाला ती रीत आम्ही अशी लावली आहे.

१) पहिली पायरी: काम नाही. दीर्घ श्वसन, हातपाय मोकळे करणे, अंगणात सावकाश चालणे.

२) दुसरी पायरी: बसून करायची कामे. बेण्याचे डोळे पाहणे, रोपवाटिकेतील ट्रे भरणे, हिशेब, खतांची टिपणे. सोबत थोडे चालणे.

३) तिसरी पायरी: ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवणे, दिवसा दारे धरणे, थोडी खुरपणी. सकाळी नऊच्या आत किंवा उन्हे कलल्यावर. अर्धा तास काम, तेवढीच विश्रांती.

४) चौथी पायरी: अर्धा दिवस काम. खताची लहान बादली, बैलांची वैरण. मध्ये दोनदा बसणे.

५) पाचवी पायरी: बांधणी, लागण, औत, मोळी वाहणे. ही पायरी डॉक्टरांना विचारूनच चढावी.

दोन गोष्टी नीट लक्षात ठेवाव्यात. एक म्हणजे पाचवी पायरी सर्वांसाठी नाही. ज्याचे हृदय किंवा फुफ्फुस कायमचे अधू झाले त्याने तिसऱ्या-चौथ्या पायरीवर आयुष्यभर राहिले तरी त्यात कमीपणा नाही. फवारणी आणि पाचट जाळणे तर कोणत्याच पायरीवर नाही. पाचट जाळू नये हे आम्ही एरवीही सांगतोच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. काही लोकांना कोरोनानंतर महिनोन् महिने थकवा, धाप, छातीत धडधड, विसराळूपणा राहतो. यांच्यात एक विचित्र प्रकार दिसतो. काम केले त्या दिवशी बरे वाटते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस अंथरूण धरतो. घरच्यांना वाटते, ढोंग करतो. हे ढोंग नव्हे. अशा माणसाने ताकद लावून पायऱ्या चढू नयेत. अंगात असेल त्याहून कमीच काम करावे, थकवा यायच्या आधी बसावे आणि डॉक्टरांना दाखवावे. "हिंडल्या-फिरल्याशिवाय अंग कसं मोकळं होणार?" हा आपला नेहमीचा उपदेश येथे उलटा पडतो.

थांबायच्या खुणा

खालीलपैकी काही झाले तर काम जागेवर सोडावे. छातीत दुखणे किंवा दडपण. चक्कर, घेरी. बसल्यानंतरही न थांबणारी धाप. ओठ-नखे निळसर होणे. एकाच पायाला सूज व दुखणे. बोलण्यात घोळ, गुंगी. यांत वाट पाहू नये, १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी.

साथीत घेतलेला ऑक्सिमीटर बहुतेक घरांत कपाटात पडून आहे. तो बाहेर काढावा, सेल बदलावा. बोटाला मेंदी किंवा नखरंग नसावा, हात गार नसावा. एरवी आकडा ९५ किंवा वर असतो. ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरांना कळवावे. ९० वर किंवा खाली आला तर तडक दवाखाना. जुन्या फुफ्फुसविकाराच्या माणसाने आपला आकडा किती असावा हे स्वतःच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. काम सुरू करण्यापूर्वी आणि केल्यानंतर आकडा पाहण्याची सवय चांगली. तो तीनाहून अधिक अंकांनी घसरला तर काम जास्त झाले असे समजावे. मात्र आकडा चांगला आहे म्हणून वर सांगितलेल्या खुणांकडे दुर्लक्ष करू नये.

मधुमेही सभासदांसाठी

आपल्या भागात मधुमेह घरोघर पोचला आहे. दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीच्या आजाराने अनेकांचे डोळे आणि जबडे गेले, त्यांत साखर ताब्यात नसलेल्या माणसांचे प्रमाण मोठे होते. म्हणून कामावर येण्याआधी रक्तातील साखर तपासून घ्यावी. औषध मनाने बंद करू नये, स्टेरॉइडच्या गोळ्या तर एकदम मुळीच थांबवू नयेत.

उपाशीपोटी शेतात जाऊ नये. काम करता करता अंगाला दरदरून घाम, हातापायाला कंप, डोळ्यांपुढे अंधारी आली तर साखर उतरली असे समजून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि सावलीत बसावे. पंधरा मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा घ्यावी. साखरेच्या पुडीसाठी साखर कारखान्याच्या सभासदाला कोणाकडे मागायला लागू नये! ती पुडी खिशात असावी. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, दवाखान्यात न्यावे. इन्सुलिन उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये. पाचटात अनवाणी चालू नये. मधुमेह्याच्या पायाला जखम कळत नाही आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

ऊसतोड टोळ्यांविषयी

सभासदांनो, आपला ऊस जे तोडतात त्यांचा विचार केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. टोळीत कोयता म्हणजे एक जोडपे. एक जण आजारी पडला की दोघांची मजुरी बसते, खाडा धरला जातो, मुकादमाची उचल मात्र अंगावर तशीच राहते. म्हणून तोडकरी ताप लपवतो, खोकला लपवतो. गरोदर बाई शेवटच्या महिन्यापर्यंत तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. हे आपण सर्वांनी पाहिले आहे आणि पाहूनही गप्प राहिलो आहोत.

यांना पाच पायऱ्या सांगणे सोपे आहे. पण एक दिवस बसले की चूल पेटणार कशी, याचे उत्तर त्या पायऱ्यांत नाही. म्हणून आपल्या हातात आहे तेवढे तरी करू. हंगामाच्या सुरुवातीला टोळी उतरली की आरोग्य केंद्राच्या मदतीने सर्वांचा रक्तदाब, साखर आणि खोकला तपासून घ्यावा. जोखमीच्या माणसाला मोळी वाहण्याऐवजी वाढी बांधणे, बैल सांभाळणे, कोपीवर मुले सांभाळणे अशी कामे टोळीने वाटून द्यावीत आणि मुकादमाने त्यासाठी खाडा धरू नये. शेतमालकाने पिण्याचे चांगले पाणी आणि बसायला सावली द्यावी. आजारी तोडकऱ्याने आजार सांगितला म्हणून त्याचे नुकसान होणार नाही, ही खात्री त्याला मिळाली तरच तो सांगेल. नाहीतर तो लपवील आणि साथ टोळीभर पसरेल. माणुसकीचा आणि शहाणपणाचा हिशेब येथे एकच निघतो.

कारखान्यातील कामगारांविषयी

कारखान्यात काही जागा अशा आहेत की तेथे जोखमीच्या माणसाला परत पाठवताना फार विचार करावा. ओल लागून बुरशी धरलेल्या बगॅसची धूळ श्वासातून गेल्यास बगॅसोसिस नावाचा फुफ्फुसाचा विकार होतो. कामानंतर काही तासांनी ताप, खोकला, धाप सुरू होते आणि साधा फ्लू समजून दुर्लक्ष होते. गंधक भट्टीजवळचा वायू दम्याला वैरी. बॉयलर व पॅन विभागातील उष्णता हृदयविकाऱ्याला सोसत नाही. गोदामातील पन्नास किलोचे पोते नुकत्या उठलेल्या माणसाच्या पाठीवर देणे म्हणजे त्याला पुन्हा दवाखान्यात धाडणे होय. अशा कामगाराला पहिले काही आठवडे दिवसपाळी, मोकळ्या हवेतील जागा आणि मध्ये विश्रांती मिळावी. बदललेल्या कामामुळे त्याचा पगार किंवा मान कमी होता कामा नये. आणि त्याला कोणता आजार आहे हे चारचौघांत बोलण्याचा विषय करू नये. काय झेपते आणि काय झेपत नाही, एवढे खातेप्रमुखाला कळले तरी पुरे.

सभासदांच्या काही शंका

"मजूर मिळत नाहीत, मग जड काम करायचे कोणी?" शंका रास्त आहे. याचे उत्तर आपल्या वाडवडिलांनी देऊन ठेवले आहे, ते म्हणजे सावड. तुमची बांधणी शेजारी करील, त्याची रोपे तुम्ही भरून द्याल, त्याचा हिशेब तुम्ही ठेवाल. जडाच्या बदल्यात हलके, पण बदला होतोच. कोणी कोणाचे मिंधे नाही. प्रत्येक गावात आठ-दहा घरांनी एवढे ठरवले तरी पुष्कळ काम होईल.

"रात्रीच्या विजेचे काय?" आठवड्याची रात्रपाळी जोखमीच्या माणसाकडे देऊ नये. थंडी, अंधार, ओल, साप-विंचू आणि मदतीला कोणी नाही. भाऊबंदांत पाळी बदलून घ्यावी. बांधाचे भांडण असेल तर ते भांडण दिवसा करावे, पाळी मात्र बदलावी!

"सभेला, लग्नाला जावे की नाही?" जरूर जावे. माणसांत मिसळल्याशिवाय मन उभारी धरत नाही. मोकळ्या हवेत, कडेला बसावे. आसपास साथ असेल आणि खोली कोंदट असेल तर मास्क लावावा, त्यात लाज कसली? ज्याला ताप-खोकला आहे त्याने मात्र स्वतःहून घरी राहावे. हा नियम आजाऱ्यापेक्षा इतरांनी पाळायचा आहे.

"लस पुन्हा घ्यावी का?" वृद्धांनी आणि जुनाट आजार असलेल्यांनी फ्लूची दरवर्षीची लस, न्यूमोनियाची लस आणि कोरोनाची पुढील मात्रा यांविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आम्ही डॉक्टर नाही. बेण्याची जात कोणती लावावी हे आम्हांला विचारा, लस त्यांना विचारा.

आमच्याकडून एवढे

गटातील शेतकी कर्मचाऱ्यांना आम्ही सांगितले आहे की, यापुढे प्लॉट पाहणीला गेल्यावर "बांधणी कधी?" याबरोबर "बांधणी कोण करणार?" हेही विचारायचे. घरात आजारातून उठलेले माणूस असेल तर वेळापत्रक त्याप्रमाणे मागेपुढे करून द्यायचे. चार दिवस उशीर झाला म्हणून जाणाऱ्या टनेजाची भरपाई पुढच्या हंगामात होते. माणसाची होत नाही.

तात्या आज बासष्टीच्या पुढे गेले आहेत. बांधणी त्यांनी पुन्हा केली नाही. ती आता शेजारचा पुतण्या सावडीने करतो आणि त्याच्या तीन एकरांचे ठिबक व खतांचे टिपण तात्या सांभाळतात. गेल्या खेपेस बांधावर गाठ पडली तेव्हा आम्ही उसाकडे पाहण्याआधी विचारले, "तात्या, दम कसा आहे?" ते हसून म्हणाले, "साहेब, आता तुम्ही खरी पाहणी करायला शिकलात."

हे सर्टिफिकेट आम्हांला उशिरा मिळाले. आपणांस ते वेळेवर मिळावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच. विना सहकार नाही उद्धार, हे आपण कारखान्याच्या दारावर लिहितो. घरातल्या आणि टोळीतल्या कमजोर माणसालाही ते लागू आहे, हे विसरू नये.



आपला,
ऊस विकास अधिकारी